चेंडू कुणापुढे टाकायचा

सासने मामांनी चेंडू काखेत मारला आणि दोन्ही कप्तानांकडं बघून म्हणाले, "एक गडी इकडचा या, एक तिकडचा. बाकीची मागं सरा."

मी लाइनवर झेंडा धरून उभी होते. मामा जे करायला निघाले होते ते चूक होतं, आणि ते चूक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं याला सबंध कोल्हापुरात एकच व्यक्ती जबाबदार होती. ती म्हणजे मी.

नीट सांगते. फुटबॉलच्या हंगामातल्या पहिल्या स्पर्धेची फायनल होती, आणि मामा तिचे पंच. मोती चौक तालीम विरुद्ध नागोबा गल्ली तरुण मंडळ. ही दोन मंडळं समोरासमोर आली की आमच्याकडं लोक साखरपुडेसुद्धा पुढं ढकलतात. थट्टा नाही, माझ्या आतेभावाचा ढकलला होता. स्टेडियम गच्च भरलेलं, शून्य-शून्य, आणि शेवटची आठ-नऊ मिनिटं राहिलेली. मोती चौकानं डावीकडून चेंडू उंच टाकला, नागोबा गल्लीच्या गोलपुढं दोघांनी एकदम उडी घेतली आणि डोक्याला डोकं लागलं. तो आवाज मला लाइनवर ऐकू आला. मामांनी तिथल्या तिथं शिट्टी मारली. डॉक्टर पळत आले. एकाची भुवई फुटली होती, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. दोघांनाही बाहेर नेलं.

आता खेळ परत सुरू कसा करायचा? फाऊल कुणाचाच नव्हता. चेंडू बाहेर गेला नव्हता, डीमध्येच घरंगळत राहिला होता. डी म्हणजे गोलपुढचा चुन्यानं आखलेला मोठा चौकोन. अशा वेळी पंच चेंडू हातातून खाली सोडतो. पूर्वी तो दोघांच्या मध्ये सोडायचा. जमिनीला टेकला की ज्याचा पाय आधी पोचला त्याचा चेंडू. मामांनी तीस वर्षं तो तसाच टाकला होता. पण त्याच वर्षी जूनपासून नियम बदलला होता. डीमध्ये खेळ थांबला असेल, तर चेंडू फक्त बचाव करणाऱ्या गोलकीपरपुढं टाकायचा, आणि बाकी झाडून सगळ्यांनी चार मीटर लांब उभं राहायचं.

त्या स्पर्धेत जखमेसाठी खेळ थांबला होता तो दोन-तीनदा, पण प्रत्येक वेळी मैदानाच्या मध्यावर. तिथं ज्याचा चेंडू त्याला परत द्यायची आमच्याकडं पहिल्यापासून रीतच आहे. त्यामुळं काही बदललंय हे खेळाडूंच्या ध्यानात आलं नव्हतं. गोलपासून दहा पावलांवर मात्र कुणी कुणाला चेंडू परत देत नाही. तिथं तो दोघांत पडला असता तर गोल झाला असता, किंवा पाय मोडला असता. आणि चुकीच्या नियमावर झालेल्या गोलवरून काय काय झालं असतं, ते बोलायलाच नको. तक्रार, चौकशी, पेपरात फोटो. आणि तो मामांचा शेवटचा सामना होता. सामना संपल्यावर द्यायची शाल टेबलावर घडी घालून ठेवलेली मला लाइनवरून दिसत होती.

नियम बदलल्याचा कागद माझ्या पिशवीत होता. ऑगस्टपासून होता.

आनंदा सासने उद्यमनगरात लेथवर काम करायचे. माझे वडील त्यांच्या शेजारच्या मशीनवर, म्हणून ते आमचे मामा. मी शाळेकडून फुटबॉल खेळायचे. अकरावीत गुडघा गेला आणि महिनाभर तोंड पाडून घरात बसले. तर मामा एका रविवारी दारात येऊन म्हणाले, "पळता येतंय न्हवं? मग शिट्टी धर की. रडत काय बसलीस म्हातारीवानी." मी धरली. मोठ्या सामन्यात लाइनवर पोरगी उभी राहते हे आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्यामुळं, आणि मी उभी राहिले ती मामांमुळं.

सकाळी मैदानावर पळायचं आणि मग त्यांच्या घरी मालन मामींच्या हातचा चहा घेत वहीत नियम लिहायचे, असं आमचं शिक्षण. मामांच्या दोन गोष्टी अंगात भिनल्यात. एक झेंड्याची. "झेंडा वर केलास की पंधरा हजार माणसांस्नी कळतं," ते म्हणायचे. "माझी चूक मला एकट्याला सांगायची असली तर चालत ये. माझं कान उघडं हायत." आणि दुसरी रिपोर्टाची. एका खेळाडूनं मैदानात घाण शिवी दिली होती. मी रिपोर्टात लिहिलं, 'अपशब्द वापरले.' मामांनी कागद परत माझ्यापुढं टाकला. "तो काय म्हणाला ते लिही. जसंच्या तसं. लाजून गाळायचं न्हाई, रागानं वाढवायचं न्हाई." मी लाल होऊन ती शिवी लिहिली, आणि मामी चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मामांच्या शिट्टीची निळी दोरी मामींनीच क्रोशानं विणलेली. दर हंगामाला नवी.

त्या वर्षी जूनमध्ये मामींचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, पाहिजे ते खायला घाला. मामांनी लेथवरनं बिनपगारी रजा घेतली, मैदान सोडलं आणि मामींच्या कॉटशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. ऑगस्टात पंचांचा नियमांचा वर्ग झाला, त्याला ते आले नाहीत. आमच्या पंच संघटनेचे सेक्रेटरी मुजावर सर यांनी झेरॉक्सचा एक संच माझ्या हातात दिला. "मामांना पोचव. नीट वाचायला सांग, ह्या वर्षी पुष्कळ बदललंय."

मी पोचवायला गेले. कागद पिशवीतच राहिला. चार दिवसांनी मुजावर सरांचा फोन आला, "पोचला काय गं?" मी म्हटलं, "हो." ते धादांत खोटं होतं. का बोलले, ते शेवटी सांगते. आत्ता एवढंच सांगते, की मी विसरले नव्हते.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी मामी गेल्या. महिन्याभरानं मुजावर सरांनी मामांना मनवून आणलं. "एक फायनल करा, मग शिट्टी ठेवा. तुम्हाला असंच जाऊ देणार नाही आम्ही." सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी मनाशी ठरवून गेले होते, आज कागद द्यायचाच. मामांनी गळ्यात शिट्टी अडकवली, निळी दोरी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "ही ह्या वर्साची. पडल्या पडल्या विणली. शेवटाला जरा सैल झाल्या, बघ." मी बघितली. पिशवीची चेन तशीच लावून टाकली. म्हटलं, एका सामन्यात डीमध्ये खेळ थांबायचा प्रसंग असा कितीदा येतोय.

तर आला.

मोती चौकाचा कप्तान इंद्रजित आणि नागोबा गल्लीचा एक बॅक मामांपुढं येऊन वाकून उभे राहिले. मामांनी चेंडू कमरेइतका खाली घेतला. टेबलापाशी मुजावर सर उठून उभे राहिलेले मला दिसले. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते.

माझ्या मनात काय काय आलं, ते सांगायला लाज वाटते. वाटलं, गप्प राहावं. चूक झाली तर पंचाची होईल, लाइनवरच्या पोरीला कोण विचारतंय? आत गेले, तर मामा पहिलाच प्रश्न विचारणार, तुला कसं माहीत आणि मला का नाही. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं.

मी झेंडा मांडीला चिकटवला आणि पळत आत गेले.

आमचं पब्लिक सभ्य म्हणून कुणी ओळखत नाही. गॅलरीतनं शिट्ट्या सुरू झाल्या. "ए बाई, स्वयंपाक राहिलाय काय घरात?" असं कुणीतरी ओरडलं. मामांच्या पुढ्यात जाऊन थांबले तेव्हा माझा श्वास फुलला होता.

"काय गं?" मामा म्हणाले.

"मामा, चेंडू दोघांत टाकू नका."

"मग काय घरला न्यू?"

"नियम बदललाय. डीमध्ये खेळ थांबला तर चेंडू गोलकीपरला. त्याला एकट्याला. बाकीचे सगळे चार मीटर लांब."

मामांनी माझ्याकडं बघितलं. हसले नाहीत, रागावले नाहीत. "कवापासनं?"

"जूनपासून. वर्गात सांगितलं. कागद तुम्हाला द्यायला माझ्याकडं दिला होता. मी दिला नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी हातातला चेंडू एकदा फिरवला.

"खात्री हाय?"

"आईशप्पथ."

"शपथ नको. नियम सांग. वर्गात सांगितला तसा."

पंधरा हजार लोक शिट्ट्या मारताहेत आणि मी त्या डीमध्ये उभी राहून शाळेतल्या कवितेसारखा नियम म्हणून दाखवला. चेंडू कुठं टाकायचा, कुणापुढं, बाकीचे किती लांब, जमिनीला टेकला की खेळ सुरू. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"जा तुझ्या जाग्याला," म्हणाले, आणि इंद्रजितकडं वळले. "मागं सर. चेंडू गोलकीपरचा."

"मामा, आत्ता तर दोघांस्नी बोलावलासा की."

"व्हय. चुकत हुतो."

"ह्या पोरीनं सांगितलं म्हणून?"

"नियम हाय म्हणून. तिला म्हाईत हुता, मला न्हवता." आवाज त्यांनी मुद्दाम चढवला होता. टेबलापर्यंत ऐकू जावं एवढा. "सर मागं, चार मीटर. मोजून दावू काय?"

इंद्रजित कपाळाला हात लावून मागं सरला. मामांनी चेंडू गोलकीपरपुढं सोडला. तो टेकला, पोरानं उचलला, लांब मारला आणि खेळ सुरू झाला. मी लाइनवर पोचले तेव्हा माझ्या पायावर पाण्याची एक बाटली येऊन पडली. मोती चौकवाल्यांची होती. मी ती उचलून बाजूला ठेवली.

गोल झालाच नाही. टायब्रेकरला नागोबा गल्ली जिंकली. मोती चौकवाले फुरंगटून बसले, पण तक्रार करायला तोंडच नव्हतं, नियम पुस्तकात होता. इंद्रजित जाता जाता मामांच्या पाया पडला. तोंड मात्र एवढंसं करून.

मग शाल, श्रीफळ, टाळ्या. ते आटपल्यावर टेबलापाशी आम्ही चौघं-पाचजण होतो, तेव्हा मुजावर सरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मामा, माझा तर जीव गेला होता. तो कागद ऑगस्टातच पाठवला होता मी. पोचला नव्हता काय?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी मामा बोलले.

"पोचलावता. मीच वाचला न्हाई. ध्यान कुठं हुतं माझं त्या वक्ताला."

मुजावर सर म्हणाले, "असू दे मामा, असू दे," आणि त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला.

तीस वर्षं ज्या माणसानं रिपोर्टात एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, तो माझ्यासाठी उभ्या उभ्या खोटं बोलला. मला रडू आवरेना. पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मामा स्टोव्हवर चहाचं आधण ठेवून उभे होते. कॉट तशीच होती, गादी गुंडाळलेली, आणि तिच्या शेजारी ती प्लास्टिकची खुर्ची. महिना होऊन गेला तरी हलवली नव्हती.

"आलीस? बस," ते म्हणाले. "कप एकच ठेवलावता, आणि पाणी घालतो."

मी कागद त्यांच्यापुढं धरला. चार महिने पिशवीत राहून घड्यांवर काळा पडला होता. "मामा, मी मुजावर सरांशी खोटं बोललो." आम्ही कोल्हापूरच्या मुली घरात 'आलो, गेलो' असंच बोलतो, बाहेरगावचे हसतात, हसू देत. "काल तुम्ही माझ्यामुळं खोटं बोललात."

मामांनी कागद घेतला नाही. खुर्चीत बसले. "तू इसरलीस असं मी म्हणणार न्हाई. तू इसरणारी न्हाईस. का दिला न्हाईस, ते सांग."

"मामींनी सांगितलं होतं."

मामांची मान एकदम वर झाली.

"त्या दिवशी मी कागद घेऊन आलो तेव्हा तुम्ही औषध आणायला गेला होता. मी त्यांना पेज करून भरवत होतो. त्यांनी विचारलं, पिशवीत काय गं एवढं जपून? मी म्हटलं, नवे नियम आलेत, मामांना द्यायचेत. तर म्हणाल्या, आत्ता देऊ नको. आणि मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. त्या गेल्यावर मला कळेना, कागद दिला तर तुम्ही विचारणार इतके दिवस कुठं होता. मग मी काय सांगू?"

स्टोव्ह आवाज करत होता. मामा कॉटकडं बघत होते.

"मला तर रोज हाकलायची," ते म्हणाले. "जावा की मैदानावर. हितं बसून माझं तोंड काय बघतासा. रोज. मी म्हणायचो, असू दे, बसतो. पर मनात यायचं, हिला माझा कटाळा आलाय. यील न्हाई तर काय. तीस वर्सं दर ऐतवारी हिला एकटी टाकून गेलो. जत्रा असू दे, पावणं असू देत, हिचा ताप असू दे. आता मरायच्या वक्ताला येऊन बसलो, तर हिला कशाला गोड लागतंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ती गेली तरी ही सल गेली न्हाई बघ."

मग ते माझ्याकडं वळले. नियम शिकवताना वळायचे, तसेच.

"काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांग. गाळू नको. वाढवू नको."

मी सरळ उभी राहिले. ते शब्द मला पाठ होते. चार महिने दुसरं काही पाठ केलंच नव्हतं.

"म्हणाल्या, 'ह्यास्नी आत्ता दावू नगंस, पोरी. कागद बघितला की पाय वळवळाय लागतील. मी तोंडानं रोज जावा म्हणतीया, पर गेलं तर मला सोसायचं न्हाई. एवढ्या वर्सांत पैल्यांदाच माझ्यापाशी बसल्यात. बसू देत.'"

मामांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते.

"परत," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. ते रडत होते, पण आवाज नव्हता. आधण आटून भांडं करपायला लागलं तसा मी जाऊन स्टोव्ह बंद केला. परत आले तर म्हणाले, "आणि एकदा सांग." तिसऱ्यांदा सांगताना शेवटच्या दोन शब्दांना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले.

मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, खिशातनं चष्मा काढून नाकावर चढवला आणि माझ्यापुढं हात केला.

"आण तो कागद," म्हणाले. "बघू दे आता, काय काय बदललंय ते."